दगडूच्या काही अंगी लागेना

सुलेखाबाईंनी नागपूरला धरमपेठेत बावीस वर्षं मेस चालवली होती आणि या बावीस वर्षांत त्यांच्याकडून एकही पोरगं अर्धपोटी उठलं नव्हतं. हे त्या न विचारता सांगायच्या, पण खोटं सांगायच्या नाहीत. कोण तिसऱ्या पोळीला लाजतंय, कोण भाताची वाट बघत आमटी पुरवून पुरवून खातंय, हे त्यांना ओट्यापासून मान न वळवता कळायचं. त्यामुळे अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या त्या टाउनहाउसमध्ये पुढे जे झालं, त्याबद्दल दुसऱ्या कुणाला माफ करता आलं असतं. सुलेखाबाईंना स्वतःला माफ करणं जड गेलं.

झालं असं. दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये त्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या. मुलगा केदार आणि सून रेणू, दोघंही आयटीत, दोघंही सकाळी साडेसातला घराबाहेर. त्या आल्या आणि महिन्याभरात रेणूने कुत्रा आणला. विकतचा नव्हे, शेल्टरमधला. म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या कुत्र्यांचा अनाथाश्रम म्हणा ना.

"बाप्पा! आणायचंच होतं तर जरा धडधाकट तरी आणायचं," सुलेखाबाई म्हणाल्या. "हे तर नुसता सापळा आहे."

"म्हणूनच आणला, आई," रेणू म्हणाली.

तपकिरी रंगाचा, एक कान उभा, एक पडका. बरगड्या मोजून घ्याव्यात. शेल्टरवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं डग. सुलेखाबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं दगडू केलं.

"दगडू काय, आई!" केदार हसला.

"का? चांगलं नाव आहे. ज्यांची पोरं जगत नाहीत ते मुद्दाम असं..." आणि त्यांनी जीभ चावली. रेणू तिथंच उभी होती. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचं सगळं संपलं होतं. तेव्हा सुलेखाबाईंना व्हिसा मिळाला नव्हता, फोनवर रडण्यापलीकडे काही करता आलं नव्हतं. रेणूने खाली बसून कुत्र्याचा पडका कान कुरवाळला आणि म्हणाली, "दगडूच ठेवू या."

शेल्टरची बोली आठ आठवड्यांची होती. तिथली कॅरल म्हणून बाई होती, पन्नाशीची, उंच, करड्या केसांची. तिने स्पष्टच सांगितलं होतं. दगडू एकतीस पाउंडांचा आहे, तो हळूहळू चाळिशीला जायला हवा. मध्ये मध्ये आणून वजन दाखवा. आठ आठवड्यांत नीट वाढलं तर कायमचा तुमचा, नाहीतर आम्ही परत घेऊन दुसऱ्या घरी देऊ. रेणूने तो कागद तीनदा वाचला आणि मगच सही केली, हे केदारने नंतर आईला सांगितलं.

मग आलं खाणं. रेणूने कुत्रा येण्याआधीच पंधरा रात्री इंटरनेटवर वाचून काढल्या होत्या आणि एक पिशवी आणली होती. त्या पिशवीवर सामन मासा, रताळी, ब्लूबेरी, काय काय छापलेलं! सुलेखाबाईंनी किंमत विचारली आणि रुपयांत करून पाहिली. मग खुर्चीत बसल्या.

"अगं, एवढ्यात माझ्या मेसचा आठवड्याचा बासमती आला असता. आणि आहे काय हे? खडे!"

"मी तेच म्हणतो," केदारला बळ आलं. "वेअरहाउस स्टोअरमध्ये याच्या चौथाई भावात हे एवढं पोतं मिळतं. महाग म्हणजे चांगलं असं काही नसतं यार, रेणू. नुसती पॅकिंगची किंमत."

"त्यात नुसता मका असतो, केदार. मी वाचलंय."

"कुत्र्याने वाचलंय का?"

हे भांडण त्या घरात पुढे सहा आठवडे चाललं. नवराबायकोला भांडायला काहीतरी लागतंच, इथं कुत्र्याचं खाणं होतं.

सुलेखाबाई मात्र भांडणात पडल्या नाहीत. त्यांनी सरळ कृती केली. चौथ्या दिवशी सगळे ऑफिसला गेल्यावर दगडूला वरणभात, त्यावर तूप, आणि तुपातच कुस्करलेली पोळी असं साग्रसंगीत वाढलं. दगडूने ताट चाटून लख्ख केलं. संध्याकाळपर्यंत हॉलमधल्या क्रीम रंगाच्या कार्पेटचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. जनावरांच्या डॉक्टरने रेणूलाच झापलं. इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या पोटाला तूप सोसतं का म्हणाला.

रात्री रेणू आवाज न चढवता म्हणाली, "आई, प्लीज, याला आपलं काही देऊ नका. मी सगळं लिहून लावते."

आणि फ्रिजवर कागद लागला. "सकाळी एक कप. संध्याकाळी एक कप. बाकी काहीही नाही." 'काहीही नाही'च्या खाली दोन रेघा.

त्या दोन रेघा सुलेखाबाईंना झोंबल्या. बावीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांना जेवू घातलेल्या बाईला आता फ्रिजवरून शिकवणार का? ठीक आहे! तुमचा कागद तर कागद. त्याच्याबाहेर एक दाणा जाणार नाही.

त्या दिवसापासून दगडूचं खाणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळचंही आणि संध्याकाळचंही, शनिवार-रविवारसुद्धा. रेणू पुढे आली की "मी आहे ना" म्हणून तिला बाजूला सारायच्या. आणि मापाला त्यांचा कप होता. नागपूरहून मोज्यात गुंडाळून आणलेला, निळ्या काठाचा, मेसमधला चहाचा कप. इथले मग म्हणजे त्यांच्या मते घागरी, त्यातून चहा पिणं म्हणजे आंघोळ करण्यासारखं. तर त्या कपाने एक कप सकाळी, एक कप संध्याकाळी. काठोकाठ, वरून बोट फिरवून सारखा केलेला. माप म्हणजे माप.

दगडू अर्ध्या मिनिटात खाऊन मोकळा व्हायचा. मग वाडगं चाटायचा. वाडगं सरकत सरकत फ्रिजपर्यंत जायचं आणि हा तिथं बसून सुलेखाबाईंकडे बघायचा. एक कान उभा, एक पडका.

ती नजर त्यांना कळत नव्हती असं कसं म्हणायचं? बावीस वर्षं त्याच नजरेवर संसार केला होता त्यांनी. पण त्या फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवायच्या आणि म्हणायच्या, "मला काय बघतोस? तिला विचार. काहीही नाही म्हणून लिहिलंय."

तीन आठवड्यांनी वजन केलं. तीस. वाढायचं सोडून एक पाउंड उतरलं होतं!

केदारला तेवढंच हवं होतं. त्याच शनिवारी तो आपल्या स्वस्त खाण्याच्या लाल पोत्यासह हजर झाला. आता कागद बदलला: "सकाळी दीड कप, संध्याकाळी दीड कप." सुलेखाबाईंनी दीड कप सुरू केलं, त्याच निळ्या काठाच्या कपाने. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन. पुन्हा तीस. काटा जागचा हलायला तयार नाही.

"महाग झालं, स्वस्त झालं, याच्या अंगीच लागत नाही तर काय करायचं?" केदार गाडी चालवताना म्हणाला. मागच्या सीटवर दगडू रेणूच्या मांडीवर डोकं टाकून पडला होता. कॅरलने सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, जंत नाहीत, आजार नाही. शेवटी ती म्हणाली होती की तीन आठवडे राहिलेत, तेव्हाही वजन असंच असेल तर याला अनुभवी घरात हलवावं लागेल.

घरी आल्यावर रेणू बेसिनपाशी उभी राहून नळ सोडून रडत होती. सुलेखाबाई पाणी प्यायला गेल्या म्हणून दिसलं.

"काय झालं गं?"

"काही नाही, आई." मग नळ बंद करून ती म्हणाली, "माझ्याकडे काही वाढतच नाही का हो? माझ्या हातातच काही खोट असेल. नाहीतर साधं कुत्रं..."

सुलेखाबाईंनी काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्या दोन रेघा अजून आड येत होत्या. "असं बोलू नये," एवढंच म्हणून त्या खोलीत गेल्या. नंतर स्वतःलाच रागावल्या, की एवढी कसली गं तुझी ऐट?

पुढच्या रविवारी रेणूने सकाळी पॅनकेक करायला घेतले. खोक्यातलं पीठ, त्यात पाणी घालायचं. तिने ड्रॉवरमधून एका कडीत ओवलेले स्टीलचे चमचे काढले. सुलेखाबाईंना ते आल्या दिवसापासून माहीत होते, अमेरिकेतले डाव असावेत अशी त्यांची समजूत होती. त्यातला सगळ्यात मोठा सोडवून रेणूने पिठात बुडवला.

"हे काय?"

"कप, आई. एक कप पीठ."

"हा कप?"

"हो, इथला मापाचा कप. हा अर्धा, हा पाव." रेणू पीठ ढवळत राहिली. "आपल्याकडे कसं, वाटी म्हणजे कुठलीही वाटी. इथं कप म्हणजे हाच."

सुलेखाबाईंनी पॅनकेक खाल्ला, बरा झालाय म्हणाल्या. रेणू आणि केदार दगडूला घेऊन फिरायला गेली आणि दार लागलं तशा त्या उठल्या. निळ्या काठाच्या कपात नळाचं पाणी भरलं आणि स्टीलच्या कपात ओतलं. अर्धा भरला. पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. आता काठोकाठ झाला.

दोन! त्यांचे दोन म्हणजे इथला एक.

त्या तिथंच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. म्हणजे सामन मासाही अर्धा आणि मकाही अर्धा. सहा आठवडे तो मुका जीव अर्ध्या पोटावर होता. आणि ते वाडगं फ्रिजपर्यंत सरकवत आणत होता, रोज, दोन्ही वेळा, त्यांच्या डोळ्यांदेखत. माप चुकलं ते चुकलं, परक्या देशात चुकतं. पण डोळे? डोळे तर नागपूरचेच होते ना! मेसमध्ये एखादं पोरगं असं बघत बसलं असतं तर त्यांनी कुठला कागद पाहिला असता? आपण रुसलो होतो. सुनेवर रुसून कुत्र्याला उपाशी ठेवलं. सुलेखाबाईंना स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी दगडूला स्टीलच्या कपाने दीड कप मिळालं. तो खात राहिला. मध्ये थांबून त्याने वर पाहिलं, जणू कुणी वाडगं काढून घेईल की काय. "खा रे बाबा, खा," सुलेखाबाई म्हणाल्या आणि त्यांना हुंदका आवरेना.

सांगितलं मात्र कुणालाच नाही. मनात रोज ठरवायच्या, आज सांगायचं. पण काय सांगायचं? मेसवाल्या सुलेखाबाईंनी कुत्र्याला उपाशी मारलं? आणि शेल्टरमध्ये कळलं तर? जे लोक घर तपासायला येतात, कागदावर सह्या घेतात, ते उपाशी ठेवणाऱ्यांच्या घरी कुत्रा ठेवतील? वजन वाढतंय, कुत्रा राहतोय, मग कशाला उकरून काढायचं? असं म्हणत दोन आठवडे गेले. दगडूच्या बरगड्या हळूहळू बुजल्या, अंगावर चकाकी आली, आणि एका सकाळी त्याने केदारचा मोजा पळवून सगळ्या घरभर धूम ठोकली.

आठवा आठवडा. यावेळी सुलेखाबाई म्हणाल्या, मीही येते. पर्समध्ये त्यांनी काहीतरी मोज्यात गुंडाळून ठेवलं. ते बाहेर काढणार की नाही, हे त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं.

दगडू काट्यावर चढला. चौतीस! कॅरलने टाळी वाजवली. केदार तर उडालाच. "मी सांगत होतो की नाही? लाल पोतं! सुरुवातीला सवय व्हायला वेळ लागला, पण बघ! आणि ही पंधरा रात्री जागून ब्लूबेरी शोधत होती."

रेणू हसली. दगडूच्या गळ्यात हात टाकून हसली. पण मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं होतं. मीच निवडलेलं त्याला बाधत होतं. बरं झालं तू ऐकलं नाहीस माझं."

कॅरल कागदावर सही करायला पेन उघडत होती. एक मिनिट गप्प बसलं की सगळं पार पडणार होतं. सुलेखाबाईंनी रेणूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जिंकल्याच्या दिवशीही ती स्वतःलाच दोषी धरून बसली होती.

"वन मिनिट, मॅडम," सुलेखाबाई म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून मोजा काढला, मोज्यातून कप काढला, आणि टेबलावर ठेवला. शेजारी स्टीलचा ठेवला.

"माय कप," त्या म्हणाल्या. "स्मॉल. आय गिव्ह धिस कप. सिक्स वीक्स. डॉग हंग्री. आय सी हंग्री, आय नॉट टेल." इंग्रजी तिथं संपलं. मग त्या रेणूकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुझं खाणं चांगलंच होतं गं. मीच त्याला अर्धं घातलं. तुझ्या मापाने नाही, माझ्या कपाने. आणि तो भुकेला आहे हे मला दिसत होतं. तुझ्यावर राग होता म्हणून बोलले नाही. तुझ्या हातात काही खोट नाही, पोरी. हात माझा होता."

केदारने दोन्ही कप उचलून बघितले आणि खाली ठेवले. कॅरल उठली आणि पेन, कागद सगळं घेऊन आत गेली. सुलेखाबाईंना वाटलं, संपलं. आपण सत्यवादीपणा केला आणि पोरीच्या हातातलं तेवढंही घालवलं. रेणूने दगडूचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

कॅरल परत आली ती हातात एक लाल प्लॅस्टिकचा मापाचा कप घेऊन. तो तिने सुलेखाबाईंपुढे ठेवला आणि सावकाश, त्यांना कळेल असं बोलली. इथं रोज माणसं येतात आणि सांगतात की आम्ही सगळं बरोबर केलं, कुत्राच वाईट निघाला. आम्ही चुकलो म्हणणारं माणूस पुष्कळ दिवसांत आलं नव्हतं. मग तिने सही केली, ठसा मारला आणि कागद रेणूला दिला.

"पण मग खरं चांगलं कुठलं?" केदारला राहवेना. "महाग की स्वस्त?"

कॅरलने खांदे उडवले. महागात मांस जास्त, म्हणून ते कमी लागतं. स्वस्त जास्त लागतं, म्हणून पोतं लवकर संपतं. पिशवीची नको, दिवसाची किंमत काढा, फरक वाटतो तेवढा नाही. बाकी त्याच्या पोटाला मानवेल ते.

रेणूने हे सगळं आईंना समजावून सांगितलं.

"यात काय नवीन आहे?" सुलेखाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मेसमध्ये मी महागाचा चिन्नोर तांदूळही लावला आणि रेशनचाही. फरक असतोच, कोण नाही म्हणतो? पण पोरांनी मला तांदूळ कुठला म्हणून कधी विचारलं नाही. आणखी आहे का, हेच विचारलं."

परत येताना त्या मागे बसल्या, दगडू मध्ये, पलीकडे रेणू. रेणू म्हणाली, "आई, म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?" ती कुत्र्याबद्दल विचारत होती आणि नव्हतीही. सुलेखाबाईंना ते कळलं.

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "हेही नव्हतं आणि तेही नव्हतं." आणि दगडूच्या पाठीवरून हात पलीकडे नेऊन त्यांनी रेणूचा हात धरला. रेणू रडली, पण या वेळी नळ सोडावा लागला नाही.

घरी पोचल्यावर रेणूने फ्रिजवरचा कागद काढला आणि चुरगाळून टाकला. संध्याकाळी सुलेखाबाईंनी लाल कप तिच्या हातात दिला. "आज तू वाढ."

रेणूने सामन माशाची उरलेली पिशवी आणि केदारचं पोतं दोन्ही उघडली आणि दोन्हीतलं मिसळून कप भरला. केदार "अगं, मिक्स नको!" म्हणत राहिला, कुणी लक्ष दिलं नाही. दगडू खायला लागला. रेणू आणि सुलेखाबाई दोघी जमिनीवर मांडी घालून समोर बसल्या.

"वाढू का रे आणखी?" सुलेखाबाईंनी विचारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं होतं.

दगडूने डोकं वर काढलं. एक कान उभा, एक पडका. मग तो वाडग्यापासून वळला, रेणूच्या मांडीत येऊन आडवा पडला आणि त्याने डोळे मिटले. वाडग्यात तीन-चार दाणे तसेच राहिले होते.

मेसमध्ये ताटात टाकणाऱ्या पोराला सुलेखाबाई दुसऱ्या दिवशी गोड वाढायच्या नाहीत, असा त्यांचा कडक नियम होता. आज त्यांनी ते वाडगं उचलून केदारला दाखवलं. "बघ, टाकलं याने!" त्या म्हणाल्या, आणि मग साखर शोधायला उठल्या, कारण त्यांना शिरा करायचा होता.